एआयचे डॉक्टर आधी काय शिकले होते?

एका रविवारी टोरांटो विद्यापीठात प्रा. जेफ्री हिंटन यांच्या खोलीचे दार कोणीतरी घाईघाईने ठोठावले. दारात पदवीचा एक विद्यार्थी उभा होता. उन्हाळाभर आपण बटाट्याचे काप तळायचे काम केले, त्यापेक्षा तुमच्या प्रयोगशाळेत काम करायला आवडेल, असे तो म्हणाला. वेळ ठरवून ये, असे हिंटन यांनी सुचवले, तेव्हा आत्ताच बोलता येईल का, असे त्याने विचारले. हिंटन यांनी त्याला १९८६ सालचा एक शोधनिबंध वाचायला दिला. डेव्हिड रुमेलहार्ट आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी स्वतःच लिहिलेला. कृत्रिम न्यूरॉन्सच्या जाळ्याला स्वतःच्या चुकांवरून कसे शिकवायचे, हे त्यात मांडले होते.

आठवड्याने मुलगा परत आला आणि म्हणाला, समजले नाही. हिंटन हिरमुसले. त्या निबंधाचा गाभा म्हणजे कॅल्क्युलसमधला चेन रूल, आपल्याकडे बारावीच्या गणितात शिकवतात तोच. पण मुलाची अडचण वेगळी होती. चेन रूल त्याला कळलाच होता. त्यातून जो ग्रेडियंट, म्हणजे चूक कमी करण्याची दिशा, निघतो तो एखाद्या भक्कम ऑप्टिमायझेशनच्या पद्धतीकडे का सोपवत नाही, एवढेच त्याला कळत नव्हते. हिंटन यांनी ही आठवण मुलाखतींत सांगितली आहे आणि त्या प्रश्नापर्यंत पोहोचायला आपल्याला स्वतःला काही वर्षे लागली होती, असेही सांगितले आहे.

हा मुलगा म्हणजे इल्या सुट्स्केव्हर. रशियात जन्म, बालपण जेरुसलेममध्ये, शाळकरी वयातच इस्रायलच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम, मग कॅनडा. २००५ मध्ये त्याने टोरांटोतून गणिताची पदवी घेतली आणि २०१३ मध्ये हिंटन यांच्याकडेच पीएचडी पूर्ण केली. पुढे तो ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्या रविवारी तो हिंटन यांच्या खोलीत आला तेव्हा त्याच्याकडे एआयची पदवी नव्हती. त्याच्याकडे गणित होते, आणि वाचलेल्या गोष्टीला आडवा प्रश्न विचारायची सवय होती.

आपल्याकडे सीईटीचा निकाल लागला आणि कॅप राउंड सुरू झाले की घराघरांत एकच विचारणा होते : एआयमध्ये जायचे तर ब्रँच कोणती घ्यायची? आता ‘एआय अँड डेटा सायन्स’ नावाची शाखाच अनेक कॉलेजांत आहे, त्यामुळे उत्तर सोपे वाटते. पण या विषयात सर्वोच्च पदवीपर्यंत गेलेली आणि विषयाला वळण देणारी माणसे आधी काय शिकली होती, हे पाहिले तर ते सोपे उत्तर फार काळ टिकत नाही.

हिंटन यांचेच घ्या. जॉर्ज बूल, ज्यांच्या नावाने संगणकाचे ‘बूलियन’ तर्कशास्त्र ओळखले जाते, ते हिंटन यांचे खापरपणजोबा. असा वारसा असलेला मुलगा केंब्रिजला गेला आणि एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिला. भौतिकी, शरीरक्रियाशास्त्र, तत्त्वज्ञान, मधेच वास्तुकला. मेंदू चालतो कसा, या एकाच प्रश्नाचे उत्तर तो प्रत्येक विषयात शोधत होता आणि कुठेच समाधान होत नव्हते. शेवटी १९७० मध्ये त्याला पदवी मिळाली ती प्रायोगिक मानसशास्त्रात. त्यानंतर काही काळ त्याने सुतारकाम केले. मग एडिंबरा विद्यापीठात पीएचडीसाठी नाव नोंदवले.

तिथले त्यांचे गाईड ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स हे मूळचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ. रसायनशास्त्रात मोठे नाव कमावून ते मेंदू आणि यंत्रांकडे वळले होते. हिंटन तिथे रुजू होईपर्यंत त्यांचे मत मात्र फिरले होते. न्यूरॉन्सच्या जाळ्यांपेक्षा चिन्हे आणि नियमांवर चालणाऱ्या पद्धतीत त्यांना अधिक दम वाटू लागला होता. त्या काळात बहुतेकांना तसेच वाटत असे. १९६९ मध्ये मार्व्हिन मिन्स्की आणि पॅपर्ट या संशोधकांनी एकपदरी जाळ्यांच्या मर्यादा दाखवणारे पुस्तक लिहिले होते आणि १९७३ मध्ये लाइटहिल अहवालाने ब्रिटनमधल्या एआय संशोधनावर इतके कडक ताशेरे ओढले की पैसा आटला. अशा वेळी हा विद्यार्थी गाईडकडे पुन्हा पुन्हा सहा महिन्यांची मुदत मागत आपल्याच विषयाला धरून राहिला. पीएचडी मिळाली १९७८ मध्ये. पटत नसतानाही विद्यार्थ्याला त्याचे काम करू देणाऱ्या त्या गाईडचे श्रेय कोणी फारसे मोजत नाही. मोजायला हवे.

या विषयाचा पायाच मुळी संगणकशास्त्राबाहेरच्या लोकांनी घातला, कारण तेव्हा संगणकशास्त्र नावाचा विभाग जवळपास कुठेच नव्हता. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमाउथ कॉलेजात झालेल्या ज्या कार्यशाळेपासून एआयची जन्मतारीख धरतात, तिच्या सूत्रधारांपैकी जॉन मॅकार्थी आणि मार्व्हिन मिन्स्की हे दोघेही प्रिन्स्टनचे गणितातले डॉक्टर. तिथे आलेले हर्बर्ट सायमन यांची पीएचडी राज्यशास्त्रातली. नगरपालिकांसारख्या संस्थांमधली माणसे निर्णय कसे घेतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि तिथून ते यंत्राने निर्णय कसा घ्यावा या प्रश्नापर्यंत आले.

या पहिल्या फळीच्या लगेच मागे एक भारतीय नाव येते. राज रेड्डी यांचा जन्म १९३७ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातल्या काटूर गावी, शेतकरी कुटुंबात झाला. कॉलेजात गेलेले ते घरातले पहिलेच. १९५८ मध्ये त्यांनी मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, ती सिव्हिल इंजिनीअरिंगची. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात एम.टेक. करताना त्यांची गाठ संगणकाशी पडली. मग तिथल्याच आयबीएममध्ये काही वर्षे नोकरी केली आणि त्यानंतर ते स्टॅनफर्डला मॅकार्थींच्या हाताखाली गेले. १९६६ मध्ये तिथल्या नव्या संगणकशास्त्र विभागातून त्यांना पीएचडी मिळाली. विषय होता माणसाचे बोलणे यंत्राला ओळखता येणे. आज फोनला तोंडी हुकूम देताना कुणाला आश्चर्य वाटत नाही. तेव्हाच्या यंत्राला मोजके शब्द ओळखतानाही घाम फुटत असे.

रेड्डी पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले, तिथल्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले आणि १९९४ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले आशियाई वंशाचे शास्त्रज्ञ. सिव्हिलची पदवी त्यांच्या आड आली नाही. आज एखाद्या सिव्हिलच्या मुलाने एआयमध्ये पीएचडी करायचे म्हटले तर त्याच्याच कॉलेजातले लोक आधी त्याच्या ब्रँचकडे बोट दाखवतील, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईतही याच काळात अशीच वाट चालणारा एक माणूस होता. रंगस्वामी नरसिंहन यांनी अमेरिकेत आधी विद्युत अभियांत्रिकी शिकून इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. १९५४ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक उभारणाऱ्या चमूचे त्यांनी नेतृत्व केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते इलिनॉय विद्यापीठात होते. कणभौतिकीच्या प्रयोगांत बबल चेंबरमधून उमटणाऱ्या रेषांची हजारो छायाचित्रे निघत. ती माणसाने डोळे फोडून पाहण्याऐवजी यंत्राने वाचावीत, यावर त्यांनी काम केले. चित्रालाही वाक्यासारखी रचना असते, ती उलगडता येते, ही त्यामागची भूमिका होती. तिथून ते भाषेकडे वळले आणि १९८१ मध्ये त्यांचे ‘मॉडेलिंग लँग्वेज बिहेविअर’ हे पुस्तक आले. गणित, यंत्र, चित्र आणि भाषा असा हा प्रवास. कुलाब्यातल्या त्या संस्थेबद्दल लिहिताना होमी भाभांचे नाव नेहमी येते, नरसिंहन यांचे क्वचितच. ही उणीव भरून निघायला हवी.

चित्राकडून भाषेकडे जाणारी ही वाट पुढे उलट दिशेनेही वापरली गेली आणि तिथेच एआयची आजची गोष्ट सुरू झाली.

फेइ-फेइ ली १५ वर्षांच्या असताना आईबरोबर चीनमधून अमेरिकेत न्यू जर्सीला वडिलांकडे आल्या. घरचे ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. प्रिन्स्टनमध्ये शिकत असतानाही त्या शनिवार-रविवारी दुकान सांभाळायला घरी येत. १९९९ मध्ये पदवी मिळाली, भौतिकशास्त्राची. मग कॅलटेकमध्ये पीएचडी. तिथे दोन गाईड : संगणकाच्या दृष्टीवर काम करणारे पिएत्रो पेरोना आणि मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख. विद्यार्थिनी असतानाच त्यांनी १०१ प्रकारच्या वस्तूंच्या चित्रांचा एक संच तयार केला. लहान मूल एखादी वस्तू एकदोनदा पाहून ओळखायला शिकते, तसे यंत्र का शिकू शकत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

२००७ मध्ये प्राध्यापक म्हणून प्रिन्स्टनला परतल्यावर त्यांना वर्डनेट सापडले. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हे काम सुरू केले होते आणि भाषाशास्त्रज्ञ क्रिस्टियान फेलबाम ते पुढे नेत होत्या. शब्दकोशात शब्द वर्णानुक्रमे लावतात, वर्डनेटमध्ये ते अर्थाने बांधलेले असतात. ‘झाड’, ‘वृक्ष’, ‘तरू’ एका गटात, त्याच्या वर ‘वनस्पती’, खाली ‘आंबा’, ‘वड’, ‘पिंपळ’. ली यांनी ठरवले की या उतरंडीतल्या प्रत्येक नामासाठी शेकडो छायाचित्रे गोळा करायची. जगभरच्या लोकांना इंटरनेटवरून थोडेथोडे पैसे देऊन ती छायाचित्रे तपासून घेतली. २००९ मध्ये इमेजनेट जाहीर झाले तेव्हा त्यात ५,२४७ गट आणि ३२ लाख चित्रे होती. अशा जमवाजमवीला संशोधन म्हणायचे का, अशी कुजबुज तेव्हा होती. तीन वर्षांनी तिचे उत्तर मिळाले. हिंटन यांचे विद्यार्थी अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की आणि सुट्स्केव्हर यांनी इमेजनेटमधल्या सुमारे १२ लाख चित्रांवर एक जाळे शिकवले. साधने म्हणजे व्हिडिओ गेमसाठी विकली जाणारी दोन ग्राफिक कार्डे, प्रत्येकी तीन जीबी मेमरीची. शिकवायला पाच-सहा दिवस लागले. त्या वर्षीच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या चमूची चूक २६.२ टक्के होती, यांची १५.३.

ज्या वर्डनेटवर हे सगळे उभे राहिले, त्याची भावंडे आपल्याकडेही आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने आधी हिंदी आणि मग मराठी वर्डनेट बांधले आणि पुढे इतर भारतीय भाषांना जोडून घेणारे इंडोवर्डनेट उभे राहिले. या कामाला संगणकवाले जेवढे लागले तेवढेच भाषा जाणणारेही लागले. कोणता शब्द कोणत्या अर्थगटात जातो, हे ठरवायला बसलेल्या माणसाला मराठी नीट यावी लागते. तिथे कोडिंग उपयोगाचे नाही.

लंडनमध्ये डेमिस हसाबिस नावाच्या तरुणाने विषयांच्या सीमा ओलांडण्यात याच्याही पुढचे पाऊल उचलले. बुद्धिबळात तो लहानपणीच चमकला होता, सतराव्या वर्षी ‘थीम पार्क’ या गाजलेल्या गेमच्या रचनेत त्याचा हात होता, केंब्रिजमधून संगणकशास्त्राची उत्तम पदवी होती आणि स्वतःची गेम कंपनीही चालवून झाली होती. एवढे असताना त्याने एआयमध्ये पीएचडी करायला हवी होती. तो गेला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मेंदूशास्त्र विभागात, एलिनॉर मॅग्वायर यांच्याकडे.

तिथला त्याचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तो दोन्ही बाजूंनी निकामी झाला की माणसाला नव्या आठवणी साठवता येत नाहीत, हे माहीत होते. हसाबिसने अशा पाच रुग्णांना आठवणी विचारल्याच नाहीत. त्याने त्यांना कल्पना करायला सांगितले. समजा, तुम्ही उष्ण प्रदेशातल्या एका सुंदर किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत पडला आहात. किंवा एका मोठ्या संग्रहालयात आहात. काय दिसते आहे, सांगा. निरोगी माणसे समुद्र कुठे, झाडे कुठे, आवाज कुठून येतो, असे सगळे एकसंध चित्र उभे करत. बहुतेक रुग्णांना तुकडे सांगता येत, पण ते एका जागेत बसवता येत नसत. म्हणजे जो अवयव आठवण ठेवतो, तोच पुढचे कल्पनेत उभे करण्यासाठीही लागतो. २००७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि ‘सायन्स’ नियतकालिकाने त्या वर्षीच्या दहा मोठ्या शोधांत त्याची गणना केली. २००९ मध्ये पीएचडी झाली, २०१० मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर डीपमाइंड ही कंपनी. तिने २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये ४९ जुने व्हिडिओ गेम स्वतःहून खेळायला शिकणारे यंत्र मांडले. ते यंत्र खेळलेले क्षण साठवून पुन्हा पुन्हा उगाळत असे आणि निबंधात त्या कल्पनेचा संबंध हिप्पोकॅम्पसशी जोडलेला होता.

२०२४ मध्ये नोबेल जाहीर झाले तेव्हा मानसशास्त्राची पदवी घेतलेले हिंटन, जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर, भौतिकशास्त्राचे मानकरी होते. मेंदूशास्त्राचे डॉक्टर हसाबिस रसायनशास्त्राचे मानकरी होते. त्यांच्याबरोबर प्रथिनांची रचना ओळखणारी यंत्रणा उभारणारे जॉन जंपर यांची पीएचडी सैद्धांतिक रसायनशास्त्रातली.

ही नावे वाचून कुणी असा समज करून घेऊ नये की काहीही शिकले तरी चालते. या सर्वांमध्ये एक गोष्ट समान होती आणि ती नाकारता येत नाही. ती म्हणजे गणित. मानसशास्त्रातून आलेल्या हिंटन यांनाही ते पुढे कष्टाने आत्मसात करावे लागले.

नेमके कोणते गणित? २०१२ च्या त्या जाळ्याकडे येणारे एक चित्र २२४ गुणिले २२४ ठिपक्यांचे होते आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. गुणाकार केला की एका चित्राचे दीड लाख आकडे होतात. मांजराचे छायाचित्र यंत्रासाठी दीड लाख मिती असलेल्या अवकाशातला एक बिंदू असतो. अशा बिंदूंना फिरवणे, दाबणे, एकमेकांपासून वेगळे करणे हे सगळे मॅट्रिक्सच्या गुणाकारांतून होते, म्हणून लिनिअर अल्जिब्रा. यंत्राला ‘हे मांजरच’ असे म्हणता येत नाही, ‘मांजर असण्याची शक्यता इतकी’ एवढेच म्हणता येते, म्हणून संभाव्यता आणि संख्याशास्त्र. आणि चूक झाली तर जाळ्यातले सहा कोटी आकडे नेमके कुठल्या दिशेने किती हलवायचे, हे ठरवायला कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन.

अभियांत्रिकीच्या मुलांना हे विषय अनोळखी नाहीत. एम-वन, एम-टू, एम-थ्री या नावांनी ते दोन वर्षांत येऊन जातात. आयगेन व्हॅल्यू काढायचे गणित परीक्षेला हमखास असते, ते पाठ होते, केटी लागत नाही आणि विषय सुटतो. आयगेन व्हॅल्यूचा उपयोग काय, हे त्या दोन वर्षांत कोणी सांगितलेले नसते. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी ती उधारी वसूल होते. एआयच्या संशोधक विद्यार्थ्याचे खरे शैक्षणिक पूर्वसंचित विचारायचे असेल तर पदवीचे नाव विचारण्यापेक्षा एम-थ्रीच्या वहीतले काय उरले आहे, ते विचारावे.

दुसरी समान गोष्ट म्हणजे स्वतःचा प्रश्न. सुनीता सारवगी यांनी आयआयटी खरगपूरनंतर बर्कलीत १९९६ मध्ये पीएचडी केली ती डेटाबेसमध्ये, मायकेल स्टोनब्रेकर यांच्याकडे. आयआयटी मुंबईत आल्यावर विस्कळीत मजकुरातून नेमकी माहिती कशी वेचायची, हा डेटाबेसचाच प्रश्न त्यांना मशीन लर्निंगकडे घेऊन गेला. २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला तो या दोन्ही विषयांच्या सांध्यावरच्या कामासाठी. एका विषयात खोल उतरलेला माणूस दुसऱ्यात येतो तेव्हा प्रश्न बरोबर घेऊन येतो.

आणि पीएचडी असल्याशिवाय काहीच होत नाही, असेही नाही. चॅटजीपीटीसारख्या सगळ्या यंत्रणांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ मध्ये आठ जणांनी मांडली. पहिले नाव आशिष वासवानी यांचे, बीआयटी मेसराचे पदवीधर आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉक्टर. लुकाश कैसर यांची पीएचडी तर्कशास्त्रातली. नोआम शझीर यांनी पीएचडी केलेली नाही. निकी परमार यांनी पुण्याच्या पीआयसीटीतून पदवी आणि अमेरिकेतून मास्टर्स केले होते. आणि एडन गोमेझ तर तेव्हा टोरांटोतला पदवीचा विद्यार्थी होता, इंटर्नशिपला आलेला. एका निबंधात आठ वाटा.

आज मात्र दार पूर्वीइतके सैल राहिलेले नाही. हिंटन एडिंबराला गेले तेव्हा न्यूरॉन्सच्या जाळ्यांकडे फारसे कोणी फिरकत नव्हते. २०२४ मध्ये न्यूरिप्स या एकाच परिषदेकडे १५ हजारांहून अधिक निबंध आले. परदेशातल्या नामांकित विभागांत अर्ज करणाऱ्या मुलांच्या नावावर पदवीच्या काळातच प्रसिद्ध झालेले निबंध असतात. पदव्याही आता त्याच नावाच्या निघाल्या आहेत. कार्नेगी मेलनने २०१८ मध्ये आणि आयआयटी हैदराबादने त्याच्या पुढच्याच वर्षी एआयची स्वतंत्र पदवी सुरू केली. गेटमध्ये २०२४ पासून ‘डेटा सायन्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चा वेगळा पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम वाचला तर सुरुवात संभाव्यतेने आणि लिनिअर अल्जिब्राने होते, मशीन लर्निंग नंतर येते. पेपर काढणाऱ्यांनी क्रम बरोबर लावला आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी आणखी एक वाट उघडली. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला मास्टर्स न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. एरवी मास्टर्सला ५५ टक्के लागतात. एम.फिल. बंद झाले. किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेचा अभ्यास सक्तीचा, आणि मुदत तीन ते सहा वर्षे. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी कोर्सवर्कनंतर पात्रता परीक्षा, मग दरवर्षी प्रगती सेमिनार, ज्यात गाईडसह समितीपुढे उभे राहून वर्षभरात काय केले ते सांगायचे. मग सिनॉप्सिस, प्रबंध, व्हायवा.

पैशांचेही सांगायला हवे, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. जेआरएफला महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफला ४२ हजार. पंतप्रधान संशोधन फेलोशिप २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, तिच्या मूळ योजनेत ७० हजारांपासून सुरू होऊन शेवटी ८० हजार होत, पण ती मोजक्यांना मिळते. बी.ई.ला प्लेसमेंट लागलेल्या मित्राचे पॅकेज ऐकत पाच वर्षे या रकमेवर काढायची असतात. लहान गावातून आलेल्या, घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलाला हे किती जड जाते, याचा विचार शिक्षणव्यवस्थेने केलेला नाही. या विषयात आपल्याकडे संशोधक कमी का, याची कारणे बुद्धिमत्तेपेक्षा आधी इथे शोधावीत.

तरीही पुण्यात एक घडामोड आशेने पाहण्यासारखी आहे. एल-थ्री-क्यूब या उपक्रमातून पदवीच्या विद्यार्थ्यांनी मराठीवर खरे संशोधन केले. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्विट एकेक वाचून होकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी वर्गवारी केली आणि तो संच सर्वांसाठी खुला केला. मग महाबर्ट नावाचे मराठी भाषेचे प्रारूप आले. बी.ई.चा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे बाजारातून आणलेले काहीतरी, असे चित्र असलेल्या कॉलेजांनी याच्याकडे पाहावे. ली यांनी कॅलटेकमध्ये १०१ प्रकारची चित्रे जमवली, तेव्हा त्याही विद्यार्थिनीच होत्या. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटाने २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांमध्ये भाषांतर करणारी इंडिकट्रान्स-२ ही यंत्रणा खुली केली, मराठीसह. त्या गटाच्या संस्थापकांपैकी मितेश खापरा आणि अनूप कुंचुकुट्टन हे दोघेही आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्याकडे पीएचडी केलेले.

या कामात अजून एक जागा रिकामी आहे, ती भाषाशास्त्रातून येणाऱ्यांची. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक मराठी शब्द घ्या. घर, त्याचे सामान्यरूप, मग समोर, च्या, ना आणि सुद्धा, इतके सांधे त्यात आहेत. आजची प्रारूपे शब्दाचे तुकडे करतात ते कोणती अक्षरे किती वेळा एकत्र येतात त्यावरून. मजकूर भरपूर असेल तर ते निभावते. मराठीसारख्या, इंटरनेटवर इंग्रजीच्या तुलनेत फार थोडा मजकूर असलेल्या भाषेत ते सांधा सोडून भलतीकडेच कापतात. सांधे कुठे असतात, याचा अभ्यास आपल्याकडे केव्हाच झालेला आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक केळकर यांचा मराठीच्या ध्वनी आणि पदरचनेवरचा प्रबंध १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सादर झाला. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएचडी मिळवली जॉन हॉपफिल्ड यांनी, ज्यांना हिंटन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. त्या दोन प्रबंधांना एकत्र वाचू शकणारा विद्यार्थी महाराष्ट्रात घडायला हवा, आणि आपली अकरावीची प्रवेशव्यवस्था नेमके त्याच्या उलट करते. कला शाखेत गेलेल्याचे गणित तिथेच सुटते आणि विज्ञानातल्याचे भाषेशी नाते बारावीच्या पेपरापुरते उरते.

वाट पुरती बंद मात्र नाही. गेट आता कला आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही देता येते आणि २०२१ पासून तिच्या मानव्यविद्यांच्या पेपरात भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र हे विभाग आहेत. गणित सुटलेल्या मुलीला ते वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभे करावे लागेल, पायथॉन शिकावी लागेल आणि ते एकटीने जमवावे लागेल, कारण असा पूल बांधून देणारा अभ्यासक्रम कॉलेजांत क्वचितच असतो. भट्टाचार्य यांचा भाषातंत्रज्ञानावरचा आणि खापरा यांचा डीप लर्निंगवरचा, असे दोन्ही अभ्यासक्रम एनपीटेलवर फुकट आहेत. खापरा यांच्या सुरुवातीच्या व्याख्यानांत १९४३ सालचा मॅक्युलॉक-पिट्स न्यूरॉन शिकवला जातो. वॉरन मॅक्युलॉक हे मेंदूचे डॉक्टर होते, आणि वॉल्टर पिट्स स्वतःच्या बळावर तर्कशास्त्र शिकलेला वीस वर्षांचा तरुण.